फोनवरचे साप

अग्निशमन दलात मी उभी नोकरी काढली, पण एकही आग विझवलेली नाही. आग विझवणारे वेगळे, शिडीवर चढणारे वेगळे. मी कंट्रोल रूममध्ये खुर्चीत बसून फोन उचलायचो. माझ्या निरोप समारंभात एका पाहुण्यानं 'यांनी आयुष्यभर ज्वाळांशी झुंज दिली' असं ठोकून दिलं, तेव्हा मागच्या रांगेतले फायरमन इतके हसले की पाहुण्यांना वाटलं भाषण रंगात आलंय. त्यांनी मग आणखी दहा मिनिटं घेतली.

खरं सांगायचं तर आगीचे फोन सोपे. माणूस ओरडतो, पत्ता सांगतो, फोन आपटतो. आगीला आगच म्हणतात, तिला दुसरं नाव ठेवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. माझं डोकं खाल्लं ते सापांनी.

तेव्हा नाशिक चारी अंगांनी सुटलं होतं. गंगापूर रोडला द्राक्षांच्या बागा आणि कोथिंबिरीचे मळे मोडून बंगले उठत होते. मळेवाल्यांना पैसे मिळाले, बिल्डरांना जागा मिळाली, सापांना मात्र कुणी साधी नोटीससुद्धा दिली नाही. ते जुन्याच पत्त्यावर राहिले. त्यांच्या बिळावर आता कुणाचं तरी बाथरूम होतं, एवढंच. मग फोन यायचा, 'आमच्याकडे साप आलाय हो!' आलेले आपण, पण हे फोनवर सांगायची सोय नव्हती.

माणसं सापाला काय म्हणतात यावर ती कुठली ते मला कळायचं. बंगल्यात नाग कधी निघाला नाही, तिथं नेहमी कोब्रा निघायचा. नाग मळ्यात. त्यातही मळ्यातली म्हातारी माणसं दिवेलागणीनंतर त्याचं नाव घेत नसत. 'जनावर', 'लांबडं', फार तर 'किडूक'. चावला असं तर चुकूनही नाही, 'पान लागलं' म्हणायचं. एका कॉलनीचा वॉचमन सटाण्याकडचा होता. तो अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचा, "भाऊ, मीटरना डबामा साप शे." देवळाली कॅम्पातून एका निवृत्त लष्करी साहेबांचा फोन आला होता. "साप ईशान्य कोपऱ्यात आहे. दक्षिणेकडे सरकतोय. आम्ही सोफ्यावर पोझिशन घेतलेली आहे." माझ्या उभ्या नोकरीत इतका नेमका कॉल दुसरा आला नाही. आमची माणसं पोहोचली तर कोपऱ्यात जेमतेम हातभर धामण होती आणि सोफ्यावर साहेब, मेमसाहेब, दोन जवान आणि कुत्रा.

मखमलाबादकडच्या एका मळ्यातल्या आजीबाई तर कायमच्या गिऱ्हाईक. त्यांच्या विहिरीपाशी एक जुना नाग राहायचा. त्याला सगळं घर 'आबा' म्हणायचं. घरात खरे आबाही होते, आजीबाईंचे यजमान. त्यामुळे फोन आला की मी आधी एकच प्रश्न विचारायचो.

"आमचं आबा हिरीत पडल्यात वो!"

"आजी, दोन पायांचे की बिनपायांचे?"

"बिनपायांचे. दोन पायांचे हितं बिडी ओढत्यात."

माझी कामाची रीत साधी होती. पहिल्यांदा माणूस कुठं उभा आहे ते विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा 'टेबलावर' असं यायचं. मग साप केवढा ते विचारायचं. त्यावर लोक 'एवढा!' म्हणून दोन्ही हात पसरून दाखवायचे, फोनवर. मला रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज तेवढा यायचा. रिसीव्हर उचलून सांगितलेली लांबी मी निम्मी करायचो, पाहुणे घरात असतील तर पाव. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करतोय म्हणाले की घोणस. 'अजगराचं पिल्लू आहे, किती गोड आहे' म्हणाले की तीही घोणसच, आणि मग मी खुर्चीतून उठून ओरडायचो, "हात लावू नका! मागे व्हा!" नाशिक शहरात कुणाच्या अंगणात अजगराचं पिल्लू खेळायला येत नाही. तसलेच गोल गोल ठिपके घोणशीच्या अंगावर असतात आणि कौतुकानं उचलायला गेलेला माणूस कामातून जातो.

हे सगळं मला शिकवलं दिगूनं.

दिगू सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. फायरमन लोकांना त्या काळी सापाचं शिक्षण वगैरे नव्हतं. त्यांच्याकडे लांब काठीची आकडी होती आणि पाण्याचा फवारा होता. फवाऱ्यानं साप जात नाही, शेजाऱ्याकडे जातो. म्हणून सापाचा फोन आला की आम्ही दिगूला कळवायचो. दिवसा कारखान्यात, जिथं त्याचा फोरमन माझा आवाज ऐकूनच 'नाही आला' म्हणायचा. संध्याकाळी त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानात, कारण घरी फोन नव्हता आणि व्हिजिटिंग कार्डावर तोच नंबर पी.पी. म्हणून छापलेला होता. हो, व्हिजिटिंग कार्ड होतं. नावाखाली 'सर्पमित्र'. हा शब्द तेव्हा नुकताच पेपरात यायला लागला होता आणि दिगूला तो भारी आवडला होता.

"सापांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"तू बोलूच नकोस, ऑपरेटर. तुला तर दोरी दिसली तरी घाम फुटतो."

ते खरं होतं. मला सापाची भयंकर भीती वाटते. दिगू काम आटपून परतताना आमच्या स्टेशनवर चहाला थांबायचा, तेव्हा त्याची कापडी पिशवी बाहेर गाडीच्या हँडलला लटकवलेली राहील अशी माझी अट होती. पिशवीत काय आहे ते तो मला खिडकीतून रंगवून सांगायचा आणि मी चहा पीत ऐकायचो. माणूस म्हणून दिगू सोन्यासारखा. फक्त गर्दी जमली की त्याचं डोकं फिरायचं. चार माणसं असली तर तो साप पकडायचा, चाळीस असली तर भाषण करायचा. डोक्यावर शिकाऱ्यासारखी टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला? सापाला कान नसतात हे तोच लोकांना सांगायचा. पण असो. 'सापानं मला ओळखलंय, मला तो चावत नाही' हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते ऐकलं की मी म्हणायचो, "तुला चावून त्याला काय मिळणार?"

आमची दोघांची मिळून काही प्रकरणं गाजली. एक बँकेतले साहेब होते. त्यांच्या स्कूटरचं चाक एका धामणीच्या शेपटीवरून गेलं. तेव्हापासून साहेबांची खात्री, की सापानं डूख धरलाय. डूख म्हणजे सापाचा दावा, मनात धरून ठेवलेला सूड. पहिल्या फोनला दिगू गेला, तर बागेतला पाण्याचा पाइप. दुसऱ्या फोनला खरोखरच एक धामण निघाली आणि साहेबांनी तिला शेपटीवरून ओळखलं. तिसऱ्यांदा ते माझ्यावरच भडकले, "मी गल्ली बदलली, तरी तो मागं मागं येतोय!"

"साहेब, साप नंबरप्लेट वाचत नाहीत."

"मग त्याला माझी गाडी कळते कशी?"

शेवटी दिगूनं स्कूटर विकायचा सल्ला दिला. साहेबांनी विकली. डूख नव्या मालकाकडे गेला असावा, कारण साहेबांचा फोन पुन्हा आला नाही.

तर असं सगळं हसतखेळत चाललं होतं. पावसाळा सरत आला होता, नव्वदचं दशकही सरत आलं होतं. एके दिवशी सकाळी गंगापूर रोडवरून एका बाईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त झालेल्या देशमुख बाई. आवाजात जरब अशी, की मी खुर्चीत सरळ बसलो.

"आमच्या चपलांच्या स्टँडमध्ये साप आहे. काळा. अंगावर पांढरे आडवे पट्टे. डोकं आमच्या यजमानांच्या बुटात आहे आणि शेपूट माझ्या चपलेखाली. मला दिसतोय तो फक्त मधला भाग."

काळ्यावर पांढरे पट्टे म्हटलं की दोनच नावं निघतात. एक कवड्या. तो पाली खायला घरात शिरतो, चिडका असतो, कडकडून चावतो, पण विषारी नाही. दुसरी मण्यार. ती दिवसा मवाळ असते, चावली तर कळतसुद्धा नाही आणि तिचं विष नागापेक्षा जहाल. दोघांतला फरक पट्ट्यांत असतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे जाता जाता विरतात. मण्यारीचं उलट, मानेकडे पुसट आणि शेपटीच्या टोकापर्यंत लख्ख. म्हणजे नेमका मधला भाग दिसून काही उपयोग नव्हता. दिगूची त्या दिवशी सुट्टी होती. दुकानावर फोन करून मी त्याला सांगितलं, "पट्टेवाला आहे. तोंड-शेपूट बघितलेलं नाही. मण्यार समजूनच जा."

"बरं बरं," तो म्हणाला. हे त्याचं 'बरं बरं' मला कधीच आवडलं नाही.

तासाभरानं बाईंचा पुन्हा फोन आला.

"तुमच्या माणसाला साप चावला."

बाईच पुढे म्हणाल्या, "ते ठीक आहेत. कवड्या आहे म्हणाले. आता सगळ्या कॉलनीला सांगताहेत, की बिनविषारी साप चावल्यावर मन शांत कसं ठेवायचं. मी चहा दिलाय. पण मला काही हे बरोबर वाटत नाही."

"बाई, साप पिशवीत घातला तेव्हा शेपूट दिसलं?"

"दिसलं. ते शेवटी आत गेलं."

"पट्टे होते?"

"टोकापर्यंत. टोकाला तर जास्तच स्पष्ट."

मी भिंतीला टेकलो. "त्याला फोन द्या. लगेच द्या."

"बोला ऑपरेटर!" दिगूचा आवाज अगदी मजेत.

"दिगू, दुखतंय का?"

"छे! मुंगी चावल्याएवढंही नाही. अंगठ्यापाशी जरासं लागलंय."

"कवड्या चावला की रक्त निघतं, हात झटकायला लागतो. हे मला तूच सांगितलंयस."

"पिल्लू असेल."

"पट्टे शेपटीकडे आहेत. बाईंनी बघितलेत. ती मण्यार आहे, दिगू. ऊठ आणि दवाखान्यात जा."

त्यानं आवाज एकदम खाली आणला. "अरे, सगळी कॉलनी उभी आहे इथं. पेपरवाला आलाय. आत्ताच ह्यांना सांगितलंय, की कवड्या आहे. आता काय म्हणून दवाखान्यात जाऊ?"

"माणूस म्हणून जा."

"ठेव फोन. चहा गार होतोय."

त्यानं ठेवला. म्हणजे त्यालाही शंका आली होती. शंका आली होती आणि तरीही तो तिथं टोपी घालून उभा राहणार होता, जी माणसं उद्या त्याला ओळख दाखवणार नव्हती त्यांच्यासमोर. मला भीती वाटायला हवी होती. मला आला राग. असा राग मला आधीही कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. मी हात लांब केला आणि घंटा दाबली.

आमच्याकडे घंटा वाजली की प्रश्न नंतर, गाडी आधी. तरी मोरे खिडकीपाशी आला. मोरे म्हणजे आमचा सगळ्यात दांडगा फायरमन. उंबऱ्यातून आडवा होऊन आत यायचा.

"काय कॉल?"

"अडकलेला माणूस. गंगापूर रोड."

"कशात अडकलाय?"

"मोठेपणात. आपला दिगू. मण्यार चावलीय आणि येत नाही म्हणतोय. उचलून आण."

मोरे धावत सुटला. लाल गाडी ठणाठणा घंटा वाजवत बाहेर पडली. आग नाही, अपघात नाही, वरिष्ठांना विचारलेलं नाही, आणि ऑपरेटरनं आपल्या मर्जीनं बंब पाठवलेला. माझी नोकरी जाऊ शकत होती. पण हे मला बंब वळणावर दिसेनासा झाल्यावर सुचलं.

पुढचं मोरेनं सांगितलेलं. दिगू म्हणे ओट्यावर उभा राहून मनःशांतीवर बोलत होता. मोरे सरळ गर्दीतून गेला, त्याला खांद्यावर टाकलं आणि निघाला. दिगू खांद्यावरून ओरडतोय, "कवड्या आहे! अरे, कवड्या आहे!" आणि कॉलनीतल्या लोकांना वाटलं, अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. देशमुख बाईंनी तेवढी साप असलेली पिशवी दुसऱ्या फायरमनच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे दवाखान्यात दाखवा."

गाडीत दिगू मोरेच्या सात पिढ्या काढत होता. मग मध्येच थांबून म्हणाला, "मोऱ्या, तू दोन दोन दिसतोयस." एक मोरे पुरे असतो. दोन दिसायला लागले तेव्हा तोही घाबरला. सरकारी दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्याच्या शिव्या जड झाल्या होत्या, पापण्या खाली आल्या होत्या आणि बोटानं उचलल्याशिवाय त्या वर होत नव्हत्या.

मण्यारीचं विष माणसाच्या अंगातल्या सगळ्या तारा तोडतं. आधी डोळे, मग जीभ, मग श्वास. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी झटपट सगळं केलं. इंजेक्शनं सुरू झाली, नळी घशात गेली. पण श्वासाचं मशीन एकच होतं आणि त्यावर आधीच कुणीतरी होतं. तेव्हा नळीला रबरी फुगा लावला आणि तो हातानं दाबायचा असं ठरलं. दाबला की दिगूच्या छातीत हवा, सोडला की बाहेर. थांबायचं नाही. थांबला तर दिगू संपला.

माझी ड्यूटी सुटल्यावर मी पोहोचलो, तेव्हा मोरे फुगा दाबत होता. त्यानंतर जो जो फायरमन सुटला तो दवाखान्यात आला. घरी जाऊन जेवून आले, झोपून आले, पण आले. मीही दाबला. एका माणसाचा श्वास आपल्या मुठीत आहे हे समजल्यावर मूठ आपली राहत नाही. बाकीचे मात्र दाबता दाबता त्याचा उद्धार करत होते. "घे, घे, फुकटचा घे. कवड्या म्हणे! तुझ्या टोपीला आग लागो." मोरे तर त्याच्या एकेका खोडीची यादी वाचत होता आणि प्रत्येक खोडीला एकदा फुगा दाबत होता. यादी लांब होती, त्याचा दिगूला फायदाच झाला.

दिगूची बायको, मंदावहिनी, दारापाशी स्टुलावर बसून होती. रडत नव्हती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचा फोन आला की ते ताटावरून उठायचे. सणाच्या दिवशी उठायचे. तापात उठायचे. आता करा फोन. उठवा त्यांना."

आम्ही दोघं ज्याला गंमत म्हणत होतो, त्या गंमतीच्या वेळी ही बाई घरी बसून काय करत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

तेवढ्यात दिगूचे साडू आले. तोंडावर रुमाल, डोळ्यांत हिशेब. पलंगाजवळ उभे राहून त्यांनी मान हलवली आणि मोरेला विचारलं, "यांच्या राजदूत मोटारसायकलचं आता काय करणार? पडून राहिली तर गंजेल हो." नेमक्या डॉक्टरीण बाई आत आल्या.

"हळू बोला. पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे. हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण त्यांना सगळं ऐकू येतंय. पहिल्यापासून."

साडू रुमालासकट गायब झाले. मोरेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो वाकून दिगूच्या कानापाशी म्हणाला, "दिगूभाऊ, ते सगळं मी प्रेमानं बोललो."

मधले दिवस तसेच गेले. दाबा, सोडा. आमच्या साहेबांनी मला बोलावून बंब कशासाठी गेला ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "तुमची फुग्याची पाळी कधी आहे? माझी पण लावा." साहेबांनी टाय सोडून फुगा दाबला. नोकरीबद्दल पुन्हा विषय निघाला नाही.

मग एका दुपारी माझी पाळी नसताना मी दिगूचा हात धरून बसलो होतो. त्याचं बोट हललं. मला वाटलं भास. पुन्हा हललं. माझ्या तळव्यावर ते अगदी सावकाश काहीतरी गिरवत होतं. मी मंदावहिनीला हाक मारली, मोरेला हाक मारली. बोट पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. स. काना. प.

"साप," मोरे म्हणाला. "साप चावला असं सांगतोय. अरे राजा, ठाऊक आहे आम्हाला!"

बोट थांबलं आणि पुन्हा तेच गिरवलं, जरा रागानं. मंदावहिनी हळूच म्हणाली, "सोडला का, विचारताहेत."

पकडलेला साप दिगू रात्रभर पिशवीत ठेवायचा नाही. कितीही दमला असला तरी आधी साप सोडायचा, मग घरी. आणि ती पिशवी? दवाखान्यात दाखवून झाल्यावर आमचा फायरमन ती स्टेशनवर घेऊन आला होता आणि कुठं ठेवायची ते न कळून कंट्रोल रूममधल्या खिळ्याला अडकवून गेला होता. माझ्या पाठीमागच्या खिळ्याला. मधल्या सगळ्या ड्यूट्या मी तिच्याकडे पाठ करून केल्या होत्या. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती आणि तिला हात लावायची तर कुणाचीच नव्हती. जो लावायचा तो इथं पलंगावर पडला होता, घशात नळी, आणि जिनं त्याला या दशेला आणलं ती उपाशी आहे याची त्याला काळजी पडली होती.

मी उठलो. "जाऊन येतो," म्हटलं.

पिशवी लांब आकडीच्या टोकाला अडकवून खिळ्यावरून काढली. मोरेनं मोटारसायकल चालवली आणि मी मागे बसून आकडी रस्त्याच्या बाजूला जितकी लांब धरता येईल तितकी धरली. लोक आपणहून वाट देत होते. पेठ रोडनं शहर मागे टाकून एका दगडाळ उतारावर आलो. मोरे गाडीपाशीच थांबला. लांबून नीट मार्गदर्शन करता येतं, असं त्याचं म्हणणं.

गाठ आकडीनं सुटत नाही. गाठ हातानंच सोडावी लागते. मी ती सोडली. किती वेळ लागला माहीत नाही, पण शर्ट पाठीला चिकटला होता. मग मागे सरून आकडीनं पिशवीचं टोक उचललं, तशी मण्यार दगडांवर घरंगळली.

एवढीशी होती. काळीभोर, उन्हात निळी झाक मारत होती, आणि पांढऱ्या बारीक रेघा शेपटीच्या टोकापर्यंत. पळाली नाही, फणफणली नाही. वेटोळं केलं आणि डोकं वेटोळ्याखाली घालून बसली, जणू घाबरली होती तीच. मी तिला चांगल्या चार शिव्या द्यायचं ठरवून आलो होतो. एकही देता आली नाही. सुंदर होती ती. थोड्या वेळानं तिनं डोकं काढलं आणि दगडांच्या फटीत निघून गेली. ती पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत मी जागचा हललो नाही, आणि तिथंच उभा राहून मी रडलो. मोरेनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

दवाखान्यात परत आलो, तर मंदावहिनी फुगा दाबत होती. मी पलंगाजवळ वाकलो, बोटानं दिगूची एक पापणी वर उचलली आणि त्या डोळ्यासमोर माझा चेहरा धरला.

"दिगू, सोडली. जिवंत आहे, धडधाकट आहे. पेठ रोडला, दगडांत. माझ्या हातानं गाठ सोडली."

डोळा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या बोटाखाली माझा तळवा सरकवला. बोट हललं. सावकाश, पण चांगलं दाबून त्यानं दोनच अक्षरं गिरवली.

'खोटं.'

मी इतक्या मोठ्यानं हसलो की सिस्टरनं मला दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं. दार बंद होताना मंदावहिनीही हसत होती, डोळे पुसत होती आणि फुगा दाबत होती.